कृत्रिम भाषांतील संख्यारचना : हेतू, रचना आणि व्यवहार

१. प्रास्ताविक

संख्या स्वतः नियमबद्ध असतात. त्यामुळे संख्यावाचक शब्दही भाषेतील सर्वांत नियमबद्ध शब्द असतील, अशी अपेक्षा सहज निर्माण होते. प्रत्यक्षात मात्र भाषेच्या इतिहासाचे थर जितके संख्यावाचकांत साचलेले दिसतात, तितके इतर शब्दवर्गांत क्वचितच दिसतात. मराठीत दोन ही संख्या 'बावीस', 'बत्तीस', 'बेचाळीस', 'बहात्तर' आणि 'ब्याण्णव' या शब्दांत प्रत्येक वेळी निराळे रूप घेते. 'एकोणीस' ते 'एकोणनव्वद' या शब्दांत वजाबाकी दडलेली आहे. पण 'नव्याण्णव'पाशी ती एकाएकी थांबते. मराठी बोलणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. भाषा नव्याने शिकणाऱ्याला मात्र शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो.

एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या कल्पनेतून, विशिष्ट हेतूने भाषा घडविली तर तिच्यात संख्या कशा सांगाव्यात, हा प्रश्न येथून उभा राहतो. अशा भाषांना येथे 'कृत्रिम भाषा' म्हटले आहे. 'कृत्रिम' या शब्दात हीनत्वाची छटा अभिप्रेत नाही; जाणीवपूर्वक रचलेली, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी अशा भाषा रचल्या गेल्या. विसाव्या शतकात कादंबरी आणि चित्रपट यांच्या गरजेतून आणखी काही निर्माण झाल्या. भारतीय परंपरेला भाषेतील एखादा भाग, विशेषतः संख्या, नव्याने रचण्याची सवय त्याहून पुष्कळच जुनी आहे.

प्रस्तुत लेखात या रचनांपैकी काहींचे विवेचन करून एक मुद्दा मांडावयाचा आहे. कृत्रिम भाषेचा कर्ता बहुधा 'एका भाषेला एक संख्यापद्धती' असे गृहीत धरतो. भाषा वापरात आली, किंवा ती वापरात होती असा आभास निर्माण करण्याची वेळ आली, की हे गृहीत टिकत नाही; निरनिराळ्या व्यवहारांसाठी संख्या सांगण्याच्या निरनिराळ्या रीती शेजारी शेजारी उभ्या राहतात. मराठीतील संख्यावाचनाविषयी अलीकडे झालेल्या वादाकडे पाहतानाही हा मुद्दा उपयोगी पडतो.

२. संख्यारचनेचे घटक

कोणतीही संख्यापद्धती रचताना निदान चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला प्रश्न पायाभूत संख्येचा. मराठीची मुख्य पद्धती दशमान आहे. पण 'तीन विसा', 'कोडी' यांसारख्या शब्दांत विंशतिमान मोजणीही शिल्लक आहे. 'अठराविश्वे दारिद्र्य' या वाक्प्रचाराची 'अठरा विसे', म्हणजे वर्षाचे ३६० दिवस, अशी उपपत्ती सांगितली जाते, तिच्या मुळाशी हीच मोजणी आहे. फ्रेंचमध्ये ऐंशी ही संख्या 'चार विसा' याच अर्थाच्या शब्दाने सांगतात.

दुसरा प्रश्न जोडणीच्या क्रियेचा. 'एकवीस'मध्ये बेरीज आहे, 'पाचशे'मध्ये गुणाकार आहे, 'एकोणतीस'मध्ये वजाबाकी आहे. मराठीचे वैशिष्ट्य असे की, अपूर्णांकही या क्रियांत सामील होतात. 'सव्वादोन'मध्ये 'सव्वा' बेरजेचा आहे, तर 'सव्वाशे'मध्ये तो गुणकाराचा आहे. 'साडे' हा शब्द तीनपासून पुढे चालतो. एक आणि दोन या संख्यांसाठी मात्र 'दीड' आणि 'अडीच' असे स्वतंत्र शब्द योजावे लागतात.

तिसरा प्रश्न क्रमाचा आहे. लिहिताना २७ या संख्येत दशक आधी येते. उच्चारताना 'सत्तावीस'मध्ये एकक आधी येते. जर्मनमध्येही एकक आधी उच्चारतात; इंग्रजी, कन्नड आणि तेलुगू या भाषांत विसाच्या पुढे दशक आधी येते. मराठीत शंभराच्या पुढे मिश्र क्रम तयार होतो. 'एकशे सत्तावीस' म्हणताना शतक, एकक, दशक असा प्रवास घडतो.

चौथा प्रश्न साधित रूपांचा. मराठी व्याकरणात संख्याविशेषणांचे गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि अनिश्चित असे प्रकार मानले जातात. नुसते 'दोन' असून भागत नाही. 'दुसरा', 'दुप्पट', 'दोन-दोन', 'दोघे' व 'दोघी', 'दोन्ही' अशी सारी रूपे भाषेला हवी असतात. शिवाय 'दहापाच', 'पाचपन्नास', 'शंभरेक' यांसारखी अंदाज सांगणारी रूपे असतात. कृत्रिम भाषेच्या कर्त्याची खरी कसोटी दहापर्यंतचे शब्द शोधण्यात लागत नाही. ती या साधित रूपांत लागते.

३. सुलभतेसाठी केलेली रचना

जर्मनीतील कॅथलिक धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी १८७९-८० मध्ये व्होलाप्यूक ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात एक ते पाच या संख्यांसाठी 'बाल्', 'तेल्', 'किल्', 'फोल्', 'लुल्' हे शब्द आहेत. नऊपर्यंतचे सर्वच शब्द 'ल्'ने संपतात. दशकासाठी श्लायर यांनी नुसता 'स्' जोडला. 'बाल्' म्हणजे एक आणि 'बाल्स्' म्हणजे दहा. 'तेल्' म्हणजे दोन आणि 'तेल्स्' म्हणजे वीस. कागदावर ही रचना विलक्षण काटकसरीची दिसते. परंतु याच भाषेत नामांचे अनेकवचनही 'स्' जोडूनच होते. एक आणि दहा यांतील भेद शब्दाच्या शेवटच्या एका अघोष ध्वनीवर येऊन ठेपला, आणि नऊही शब्दांचा शेवट सारखाच असल्याने कानाला आधार उरला नाही. आरी दे योंग यांनी १९३१ मध्ये या भाषेची जी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली, तिच्यात दहासाठी 'देग्' हा स्वतंत्र शब्द घेतला आणि वीस हा आकडा 'तेल्देग्' असा केला. नियमबद्धता थोडी सैल करून शब्दांतील भेद वाढविणे, हे या दुरुस्तीचे मर्म होते. संख्या ऐकण्याच्या व्यवहारात परस्परभेद हा नियमाइतकाच महत्त्वाचा असतो, हे त्यातून दिसून आले.

एस्पेरांतो या भाषेचे पहिले पुस्तक लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे प्रसिद्ध केले. त्यांनी संख्यावाचक धातू युरोपीय भाषांतूनच उचलले : 'उनू', 'दू', 'त्री', 'क्वार', 'क्वीन' इत्यादी. एक ते नऊ, दहा ('देक'), शंभर ('त्सेंत') आणि हजार ('मिल') एवढ्या बारा शब्दांवर ९,९९,९९९ पर्यंतची प्रत्येक संख्या सांगता येते. 'दूदेक' म्हणजे वीस, 'देक दू' म्हणजे बारा. लहान संख्या आधी आली तर गुणाकार, नंतर आली तर बेरीज, असा एकच नियम सर्वत्र चालतो. अर्थात येथेही 'सेस' (सहा) आणि 'सेप' (सात) हे शब्द कानाला फार जवळचे राहिले आहेत.

एस्पेरांतोचे खरे सामर्थ्य साधित रूपांत आहे. विशेषणाचा 'आ' हा प्रत्यय लावला की क्रमवाचक रूप होते : 'दूआ' म्हणजे दुसरा. अंशासाठी 'ओन', पटीसाठी 'ओब्ल' आणि समूहासाठी 'ओप' हे प्रत्यय कोणत्याही संख्येला लागतात. 'दूओनो' म्हणजे अर्धा, 'दूओब्ला' म्हणजे दुप्पट, 'दूओपे' म्हणजे दोघे मिळून. मराठीत 'पाव', 'अर्धा', 'पाऊण' हे तीन शब्द वेगवेगळे शिकावे लागतात. एस्पेरांतोत एका प्रत्ययाने काम भागते. पण त्याची किंमतही मोजावी लागते. 'अडीच' या एका शब्दाने मराठी जे सांगते, त्यासाठी एस्पेरांतोत 'दोन आणि अर्धा' असा पदसमूह योजावा लागतो. ज्या समाजात वजनमापे आणि नाणी पाव, निम्मे, पाऊण अशा भागांत चालत होती आणि मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करीत होती, त्या समाजाने हे शब्द घडविले. तसा बाजार मागे नसलेल्या भाषेला असे शब्द सुचण्याचे कारण नव्हते.

सुलभतेचे तत्त्व सर्वांत टोकाला नेले ते लोज्बान या भाषेने. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ पासून आरंभिलेल्या लोग्लान या तर्कप्रधान भाषेतून ती निघाली. १९८७ पासून तिची स्वतंत्र रचना सुरू झाली. तिच्यात दहा, शंभर यांना स्वतंत्र मूळ शब्दच नाहीत. 'पा', 'रे', 'शी', 'व्हो', 'मू' असे एकाक्षरी अंक आहेत. त्यांतील स्वर आ, ए, ई, ओ, ऊ या क्रमाने येतात आणि सहापासून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. १२३ म्हणजे 'पारेशी'. शून्यासाठी 'नो' असल्याने दहा म्हणजे 'पानो'. जे लिहिले तेच, त्याच क्रमाने उच्चारावयाचे. 'सर्व', 'पुष्कळ', 'पुरेसे' यांसारखे शब्दही व्याकरणदृष्ट्या अंकांच्याच वर्गात बसविले आहेत. मराठी व्याकरणातील अनिश्चित संख्याविशेषणांना येथे अंकांइतकेच स्थान मिळाले. परंतु ही पद्धती मुळात लिपीतील अंकस्थानांचा उच्चार आहे. शून्याचे चिन्ह आणि स्थानमूल्य ठाऊक असलेल्या वाचकाशिवाय ती उभी राहू शकत नाही. नैसर्गिक भाषांत मोजणी आधी बोलण्यात आली आणि लेखन नंतर. लोज्बानमध्ये हा क्रम उलटा आहे.

४. जगनिर्मितीसाठी केलेली रचना

वरील भाषा व्यवहारासाठी किंवा तर्कासाठी होत्या. साहित्यासाठी भाषा घडविणाऱ्याची अडचण नेमकी विरुद्ध असते. त्याची भाषा फार नियमबद्ध झाली तर ती खोटी वाटू लागते. तिला भूतकाळ हवा असतो.

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डमधील भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीमागे त्यांनी रचलेल्या अनेक भाषा उभ्या आहेत. कादंबरीच्या परिशिष्टात एल्फ लोक शक्यतो सहा आणि बारा यांच्या पटीत मोजत, असे सांगितले आहे. त्यांचा आठवडा सहा दिवसांचा आणि दीर्घ वर्ष १४४ सौरवर्षांचे आहे. १४४ म्हणजे बाराचा वर्ग. एवढ्या एका तपशिलातून दीर्घायुषी लोकांची कालजाणीव वाचकापुढे उभी राहते. तथापि टॉल्किन यांनी बाराचा पाया घेऊन दहाचा पाया पुसून टाकला नाही. २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या एका टिपणात संख्यांचे शब्द हाताच्या बोटांच्या नावांशी जोडलेले आहेत. क्वेन्या भाषेतील पाचचा शब्द 'लेम्पे' हा बोट या अर्थाच्या धातूशी संबंधित आहे. बोटे दहा असलेले लोक बाराने मोजू लागले तर दोन्ही पद्धतींचे अवशेष भाषेत राहतील, ही भाषाशास्त्रज्ञाची जाण येथे दिसते. मराठीतही हात आणि पाच ही संख्या यांचे नाते अनोळखी नाही. 'पंजा' या शब्दात फारसीतील पाच दडलेला आहेच.

मार्क ओक्रँड यांनी चित्रपटांतील क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांसाठी भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध केला. त्या कोशात त्यांनी एक मार्मिक माहिती घातली आहे. क्लिंगॉन लोकांची मूळ पद्धती त्रिमान होती : एक, दोन, तीन, मग तीन अधिक एक, तीन अधिक दोन अशी मोजणी चाले, पुढे ती फार गुंतागुंतीची होई. नंतर त्यांनी दशमान पद्धती स्वीकारली, आणि तीही सहकार्याच्या भावनेपेक्षा इतरांची वैज्ञानिक माहिती समजावी या गरजेपोटी स्वीकारली असावी, अशी त्याची मीमांसा आहे. या छोट्याशा नोंदीने एका लढवय्या समाजाचा स्वभाव आणि इतिहास सूचित होतो. मात्र चार ते नऊ हे प्रचलित शब्द त्या जुन्या मोजणीची आठवण सहज देत नाहीत. इतिहास सांगितला आहे, पण शब्दांच्या रूपांत तो फारसा मुरलेला नाही. 'सदतीस' आणि 'सदुसष्ट' या शब्दांतील 'सात' ज्या रीतीने झिजला आहे, ती झीज घडविणे कर्त्याला सर्वांत कठीण जाते.

२००९ मध्ये आलेल्या 'अवतार' या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा रचली. नावी लोकांच्या प्रत्येक हाताला चार बोटे असल्याने त्यांची पद्धती अष्टमान आहे. आठसाठी 'वोल्', आठाच्या वर्गासाठी, म्हणजे ६४ साठी, 'झाम्' असे शब्द आहेत. नऊ ही संख्या 'वोलाव्', म्हणजे आठ अधिक एक, अशी सांगतात. भाषेत द्विवचन आणि त्रिवचनही आहे. द्विवचनाचाच 'मे' हा उपसर्ग घेऊन सोळासाठी 'मेवोल्', दोन आठ, असा शब्द होतो. संस्कृतातील द्विवचन मराठीपर्यंत पोचले नाही. येथे ते संख्यारचनेतच गुंफले गेले आहे. शरीर, व्याकरण आणि मोजणी यांचा असा मेळ कृत्रिम भाषांत क्वचित साधलेला आढळतो.

परंतु या भाषेचे शिकणारे निर्माण झाले आणि त्यांना दूरध्वनी क्रमांकांसारखे दशमान अंक उच्चारण्याची गरज भासू लागली. अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे एकेरी अंक संभवतच नाहीत. तेव्हा इंग्रजीतून 'एय्त' आणि 'नाय्न' हे उसने शब्द अंकांची नावे म्हणून भाषेत आले. मोजताना 'वोल्' आणि क्रमांक सांगताना 'एय्त' अशी विभागणी त्यातून झाली. कर्त्याने एक पद्धती दिली; वापराने दुसरी आणवली.

५. भारतीय परंपरेतील रचलेल्या संख्या

संख्या सांगण्यासाठी नवे शब्द रचणे भारतीय ग्रंथकारांना अपरिचित नव्हते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात अक्षरसंख्यांची एक संपूर्ण पद्धती दिली. क ते म या पंचवीस वर्णांना १ ते २५ आणि य ते ह या वर्णांना ३० ते १०० अशी मूल्ये दिली. स्वरांनी शंभराच्या घातांकांची स्थाने दाखविली. एका युगातील सूर्याची ४३,२०,००० भ्रमणे तो 'ख्युघृ' या एका शब्दात सांगतो. ख म्हणजे २ आणि य म्हणजे ३०. त्यांना जोडलेल्या 'उ'ने त्यांची दहा हजारपट, म्हणजे ३,२०,००० होते. 'घृ'मधील घ म्हणजे ४ आणि 'ऋ' म्हणजे दशलक्षपट. हेतू पद्यात कमी जागेत मोठी संख्या बसविण्याचा होता आणि तो पूर्ण साधला. दोष असा की, शब्द उच्चारास कठीण आणि निरर्थक होते. लेखनिकाकडून एक स्वर चुकला तरी संख्या शंभरपटीने बदलावयाची.

भूतसंख्यांनी हा दोष वेगळ्या मार्गाने टाळला. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच. येथे संख्यावाचक शब्द हा एक सांस्कृतिक संकेत आहे. वृत्तात बसेल तो पर्याय निवडण्याची मुभा कवीला आहे. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असल्याने 'वेदनेत्र' म्हणजे २४ होतात. एकक आधी उच्चारण्याचा हा संकेत 'चोवीस' या मराठी शब्दाच्या क्रमाशी जुळणारा आहे. कटपयादी पद्धतीने त्याहून पुढचे पाऊल टाकले. एका अंकासाठी अनेक वर्ण दिल्यामुळे अर्थपूर्ण शब्दांतच संख्या दडविता आली. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्त्यांच्या नावांत हा संकेत आहे. 'मेचकल्याणी' या नावातील म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६, ते उलट क्रमाने वाचले की मेळाचा ६५ हा क्रमांक मिळतो.

या तिन्ही पद्धती एकाच संस्कृत भाषेत, तिच्या नेहमीच्या संख्यावाचकांच्या जोडीने नांदल्या. एकीने दुसरीला हद्दपार केले नाही, कारण प्रत्येकीचा व्यवहार निराळा होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात नंदभाषेचा निर्देश येथे आवश्यक ठरतो. व्यापारी आणि दलाल यांनी गिऱ्हाइकादेखत भाव ठरविण्यासाठी ही सांकेतिक बोली वापरली. तिच्यात तीनसाठी 'उधानू', पाचसाठी 'मुळू', दहासाठी 'अंगळू' असे शब्द आहेत. एस्पेरांतोच्या कर्त्याने शब्द ओळखीचे ठेवले, कारण त्याला सर्वांपर्यंत पोचावयाचे होते. नंदभाषेने शब्द अनोळखी केले, कारण तिला अर्ध्या श्रोत्यांपासून लपवावयाचे होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या बोलीला संपूर्ण व्याकरण नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. मराठी वाक्यात फक्त संख्या आणि थोडे व्यवहारशब्द बदलले की काम भागत असे. आणखी विशेष असे की, जुन्या संतवाङ्मयातील एका रचनेत शिवाची पाच मुखे, तीन नेत्रे आणि दहा हात याच बोलीतील शब्दांनी वर्णिले आहेत. बाजारातील गुप्तता तेथे भक्तीतील गूढता बनते. महानुभावांनी ग्रंथरक्षणासाठी सकळसारख्या लिपी घडविल्या, त्या प्रवृत्तीशी हे नाते जोडता येईल. संख्येसाठी रचलेला शब्द मूळ हेतू सोडून काव्यात कसा शिरतो, याचे हे मराठीतील बोलके उदाहरण आहे.

६. जिवंत भाषेतील रचना

कृत्रिम भाषांचा हा विचार केवळ कुतूहलाचा नाही, हे दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. नॉर्वेत पूर्वी 'एक आणि वीस' अशा क्रमाने संख्या उच्चारीत. दूरध्वनी क्रमांक सांगताना व टिपून घेताना या क्रमामुळे चुका होत. म्हणून संसदेच्या निर्णयानुसार जुलै १९५१ पासून 'वीस एक' हा क्रम अधिकृत करण्यात आला. शाळा आणि प्रसारण यांनी तो स्वीकारला. तरीही जुना क्रम बोलण्यातून गेला नाही. आजही दोन्ही क्रम त्या देशात ऐकू येतात.

महाराष्ट्रात जून २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावरून असाच वाद उद्भवला. 'सत्तावीस' या शब्दाच्या जोडीने 'वीस सात' असे वाचन त्यात सुचविले होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३), यांनी या बदलाची बाजू मांडली. उच्चार आणि लेखन यांचा क्रम उलटा असल्याने मुलांचा गोंधळ होतो, जोडाक्षरयुक्त संख्याशब्द त्यांना जड जातात आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी उच्चारले जाते, अशी त्यांची भूमिका होती. विधानसभेत आणि वृत्तपत्रांत या बदलावर टीका झाली. मराठीच्या मोडतोडीचा आक्षेप घेतला गेला.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर 'वीस सात' ही एस्पेरांतोच्या 'दूदेक सेप' या शब्दयोजनेचीच रीत आहे. तिचा लाभ उघड आहे. वीस ते नव्वद ही दशके आणि एक ते नऊ हे अंक एवढ्यांवर एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत जाता येते; उच्चार अंकांच्या क्रमाने चालतो. ज्या मुलाच्या घरी प्रमाण मराठी बोलली जात नाही, त्याला 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांचा भेद पाठ करण्यात जे वर्ष जाते, ते गणिताच्या पदरात पडते. हा लाभ क्षुल्लक मानता येणार नाही.

पण या रचनेची किंमतही भाषेतच आहे आणि वादात तिचा विचार व्हावयास हवा. मराठीत दोन संख्या नुसत्या शेजारी ठेवल्या की त्याला आधीच एक अर्थ असतो : अंदाजाचा. 'दोन-चार', 'वीस-पंचवीस', 'दहापाच' ही रूपे रोजच्या बोलण्यातील आहेत. बेरीज दाखविण्यासाठी मराठीने संख्या एकजीव केल्या आणि अंदाज दाखविण्यासाठी त्या सुट्या ठेवल्या. 'वीस सात' ही रचना बेरजेलाही सुटी ठेवते. वर्गात, अंक डोळ्यांसमोर असताना, याने अडचण होत नाही. बोलण्यात मात्र भेद राखण्याचे काम आघाताला आणि विरामाला करावे लागेल. शिवाय 'छत्तीसचा आकडा' यासारखे वाक्प्रचार संख्याशब्द आणि देवनागरी अंकांचे रूप या दोहोंवर उभे आहेत. ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरविलेली असते, हे ज्याला दिसते त्याच्या कानी 'छत्तीस' हा शब्दही असावा लागतो.

तथापि एक पद्धती आली म्हणजे दुसरी गेलीच पाहिजे, हे गृहीतच मुळात तपासण्यासारखे आहे. मराठीने आजवर असे केलेले नाही. मोजताना 'दोन' म्हणणारा मुलगा पाढा म्हणताना 'बे' म्हणतो आणि त्याचा गोंधळ होत नाही. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत आहे. कडब्याच्या पेंढ्या पाचुंद्यांनी, केळी डझनाने मोजतात. माणसे 'तीन' नसतात, 'तिघे' किंवा 'तिघी' असतात. व्यवहारानुसार संख्येचे शब्द बदलणे हा मराठीचा दोष नाही. ती तिची जुनी सवय आहे. 'वीस सात' हे वाचन शिकण्याच्या पहिल्या पायरीपुरते 'सत्तावीस'च्या शेजारी राहिले, तर ते याच सवयीत बसते. ते 'सत्तावीस'ची जागा घेऊ लागले, तर मात्र श्लायर यांच्या 'बाल्स्'प्रमाणे कागदावरील काटकसर आणि कानाची गरज यांतील अंतर पुन्हा उघडे पडेल.

७. समारोप

कृत्रिम भाषांतील संख्यारचनांचा हा आढावा घेता तीन गोष्टी स्पष्ट होतात. संख्यापद्धतीचे गुणदोष तिच्या हेतूपासून वेगळे काढता येत नाहीत. गुप्ततेसाठी जे योग्य ते शिक्षणासाठी अयोग्य, पद्यासाठी जे सोयीचे ते बाजारात निरुपयोगी. दुसरे असे की, नियमबद्धता हा एक गुण आहे, एकमेव गुण नाही. शब्दांतील परस्परभेद, उच्चाराची सुलभता आणि संस्कृतीशी असलेले नाते यांच्याशी तिला तडजोड करावी लागते. तिसरी गोष्ट अशी की, वापरणारे लोक आले की एकाहून अधिक पद्धती येतात. नावीत दूरध्वनीसाठी उसने अंक आले. संस्कृतात तीन रचलेल्या पद्धती एकत्र राहिल्या. मराठीत विसा, पावकी, पाढे आणि नंदभाषा यांनी आपापली जागा धरली.

संख्यावाचन सुधारू पाहणाऱ्याने, तसेच साहित्यकृतीसाठी नवी भाषा रचणाऱ्या मराठी लेखकानेही, 'कोणती पद्धती श्रेष्ठ' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कोण, कोणासाठी, काय मोजत आहे' हा प्रश्न आधी विचारावयास हवा. पहिलीच्या वर्गातील मूल, आठवडी बाजारातील विक्रेता आणि वृत्तात वर्ष बसविणारा कवी हे तिघे एकाच भाषेचे बोलणारे आहेत. त्यांना एकाच रीतीने मोजावयास लावणे त्या भाषेने आजवर आवश्यक मानलेले नाही.